मानशीपाशी तालीम

सोमवारपासून आम्ही झाडं होत होतो
जुव्याच्या बंद पडलेल्या शाळेत,
फरशीवर खडूने आखलेल्या चौकटींत.
हात वर गेले की फांद्या,
बोटं थरथरली की पानं.
पाच, सहा, सात, आठ.
सगळं खोटं.
इफिजेनियाच्या फांदीला घड्याळ होतं.
मंगलदास वाऱ्यात डोलताना
खिडकीच्या काचेत स्वतःला शोधायचा.
आणि मी, उजव्या गुडघ्यात पोलादी चकती घेऊन,
खुर्चीवरून ओरडायचे:
मुळं! मुळं कुठायत तुमची?

गुरुवारी वैतागून सगळ्यांना बांधावर नेलं.
चपला हातात.
अलीकडे खाजनात पोटरीएवढं कोरगुट भात,
पलीकडे चिखल, कांदळ, नदी,
आणि मधे ते दार.
मानस म्हणतात इथे त्याला.
काळं, मिठाने खाल्लेलं लाकूड, दोन झडपा,
शिंपले चिकटलेले.

‘लावतं कोण?’ सुलक्षाने विचारलं.
बोस्त्यांवने विडी बांधावर घासून विझवली.
‘भरती लावते. ओहोटी उघडते.
मी आपला चिखल उपसतो.’
मग माझ्याकडे बघून, जरा हसून,
‘उदकाक घाय ना, बाय.’

चाळीस मिनिटं काहीच झालं नाही.
एक खेकडा आपला मोठा डांगा
कुणालाच उद्देशून हलवत राहिला.
मग नदीकडे निघालेलं एक पिवळं पान
थांबलं.
उभं राहिलं, जणू काही विसरलं होतं घरी,
आणि परत फिरलं.
झडपा हलल्या.
शेजारच्या खोलीत कुणी कपाट लावावं
एवढाच आवाज.

हे, मी म्हटलं. हे करायचंय.
हात न वापरता.
एकाने यायचं, आणि त्याच्या येण्यानेच
दुसऱ्याने मिटायचं.
आकडे नकोत.
मंगलदास म्हणाला, मग कळणार कसं कधी ते?
मला उत्तर येत नव्हतं.

परतताना बोस्त्यांवने कांदळाची शेंग दाखवली,
हिरवी, वीतभर, टोकाला तपकिरी.
हिचं बी झाडावरच रुजतं म्हणे,
आईच्या अंगावर असतानाच कोंब.
ओहोटीत पडली तर चिखलात उभी रुतते.
भरतीत पडली तर वाहते,
आडवी, महिनोन् महिने,
जमीन लागेपर्यंत.
इफिजेनियाने ती हातात घेतली
आणि फोटो न काढता परत दिली.

गुडघा गेल्यापासून मी नाच सांगते.
आधी करून दाखवायचे.
आता तो वाक्यात फुटतो,
माझ्याच अंगावर वाढतो, लोंबतो,
आणि मी त्याला घट्ट धरून ठेवते,
वजन सोसेनासं झालं तरी.

शुक्रवारी पडण्याची तालीम.
टाच, गुडघा, मग उजवा खांदा, हे मी बसवलेलं.
सुलक्षा सरळच कोसळली, बाणासारखी,
आणि खाली पाणी असावं तशी
आडवी झाली, वाहू लागली.
खडूची रेघ ओलांडली.
इफिजेनियाच्या पायांना लागून वळली.
उंबऱ्यावरून व्हरांड्यात.
डोळे उघडे, कुठेही न बघणारे.
उजवा खांदा आधी,
असं म्हणायला मी तोंड उघडलं.
व्हरांड्यात तिच्या कुर्त्याला
कोंबड्यांची माती लागत होती.
मी काही बोलले नाही.
माझी टाच मात्र खुर्चीखाली
तिच्याबरोबर थोडी सरकली,
चकतीसकट.

बोस्त्यांव दारात येऊन उभा होता.
तियात्र आहे का? गाणी किती?
गाणी नाहीत, मी म्हटलं.
त्याला वाईट वाटलं असावं.
जाताना कागदात गुंडाळून सात धारांची भेंडी ठेवून गेला,
पायरीवर.

फळ्यावर मी वेळापत्रक लिहिलं:
शनिवारी सकाळी सहा दहा.
रविवारी सात.
सोमवारी सात पन्नास.
मंगलदास म्हणाला, मॅडम, मला बँक आहे.
रोज पन्नास मिनिटं उशीर कसा चालेल?
विचार तिला, मी म्हटलं,
आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं.
तो खरंच बघायला गेला.